स्विच ऑफ आहे, तरी हात लावू नका!

इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे काय प्रकार असतो हे हॉस्टेलच्या पोरांना वेगळं सांगायला नको. पहाटे पाचला बस, वाटेत मिसळ, परतताना अंताक्षरी, आणि रिपोर्ट मागच्या बॅचच्या जर्नलवरून! आमची थर्ड इयरची व्हिजिट एका फ्लाइंग क्लबला गेली, तीही साधारण याच तयारीने गेली होती. पण तिथे पाच मिनिटांत एक असा प्रसंग घडला की हा लेख लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

हँगरबाहेर एक छोटं, एका इंजिनाचं सेसना उभं होतं. सर आत ऑफिसात परवानगीचं पत्र दाखवत होते. आम्ही अर्थातच फोटोच्या मागे. आमच्यातला एक जण पुढे गेला, प्रॉपेलरच्या पात्यावर हात टाकून, गर्लफ्रेंडच्या खांद्यावर टाकावा तसा, पोज देऊन उभा राहिला. वजनाने पातं जरासं खाली सरकलं, आणि इंजिनातून बारीक 'टक्' असा आवाज आला. त्याच क्षणी हँगरमधून ओरडा आला, "ए! हात काढ! आधी हात काढ, मग बोल!"

हातात कॉटन वेस्टचा बोळा घेतलेले एक वयस्कर मेकॅनिक काका धावतच आले. आमचा मित्र ओशाळून म्हणाला, "काका, इंजिन बंदच आहे. किल्लीसुद्धा नाहीये आत."

"किल्ली माझ्या खिशात आहे," काका म्हणाले. "ते तुला माहीत, मला माहीत. त्या इंजिनाला माहीत आहे का?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट सांगितली. दुसऱ्या एका ठिकाणी विमानाला कव्हर घालायचं होतं. पंखा उभा होता, तो आडवा करायला एका हेल्परने पात्याला धक्का दिला. स्विच बंद, किल्ली बाहेर. इंजिनाने एकच झटका दिला. "चालू पण झालं नाही रे इंजिन. अर्धाच फेरा फिरला पंखा. तेवढ्यात त्या पोराचा हात दोन ठिकाणी मोडला. पुन्हा पाना धरायला त्याला वर्ष लागलं."

रिपोर्टमध्ये आम्ही इंजिनाची हॉर्सपॉवर लिहिली, धावपट्टीची लांबी लिहिली, ए प्लस मिळाला. पण डोक्यात एकच प्रश्न राहिला. स्विच बंद असलेलं इंजिन झटका देतंच कसं? त्याचं उत्तर शोधताना जे कळलं ते इथे मांडतो आहे. बारामती, धुळे, गोंदिया इथे छोट्या विमानांवर वैमानिक तयार होत आले आहेत. आपल्यापैकी कोणी उद्या तिथे ट्रेनी म्हणून जाईल, कोणी मेंटेनन्सला जाईल. आणि जे जाणार नाहीत त्यांनीसुद्धा शेवटचा भाग जरूर वाचावा, कारण तो आपल्याच हॉस्टेलबद्दल आहे.

१. आधी थोडं गणित

घाबरू नका, एम-थ्री नाही! सेसना १७२ चं एक नवं मॉडेल घेऊ. त्याला १८० हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं लायकमिंग इंजिन असतं आणि पंख्याचा व्यास ७६ इंच, म्हणजे साधारण १.९३ मीटर. पंखा थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. मध्ये गिअर नाही, क्लच नाही. म्हणजे इंजिन जितकं फिरेल तितकाच पंखा फिरेल, आणि उलट, पंखा हाताने फिरवला तर आतले पिस्टनही हलणार.

स्टार्ट झाल्यावर इंजिन साधारण १००० आरपीएमवर ठेवतात. म्हणजे सेकंदाला १६.७ फेरे. परीघ ६.०६ मीटर. गुणाकार करा : पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १०१ मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरच्या वर. आणि हे नुसतं आयडलिंगच्या आसपास! पूर्ण २७०० आरपीएमला हाच वेग ताशी ९८० किलोमीटरच्या घरात जातो, ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८० टक्के.

आता दुसरं गणित. दोन पाती असल्याने १००० आरपीएमला एखाद्या जागेवरून सेकंदाला ३३ वेळा पातं जातं. एक पातं गेल्यावर दुसरं यायला ३० मिलिसेकंद. माणूस भराभर चालला तर सेकंदाला दीड मीटर जातो, म्हणजे ३० मिलिसेकंदांत साडेचार सेंटिमीटर. थोडक्यात, दोन पात्यांच्या 'मधून' सुटणं वगैरे काही प्रकार नसतो. पहिलं नाही तर दुसरं लागणारच.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे इतक्या वेगात पंखा दिसत नाही. छताचा पंखा पाचवर टाका आणि पाती मोजून दाखवा! तिथे निदान वर बघितलं की काहीतरी गरगरताना दिसतं. विमानाचा पंखा समोरून बघताना मागचं विमान, काच, पायलटचा चेहरा, सगळं स्वच्छ दिसतं, आणि डोकं म्हणतं की मध्ये काही नाही. म्हणूनच बऱ्याच पंख्यांच्या टोकांना पिवळा, पांढरा किंवा लाल पट्टा रंगवलेला असतो, फिरताना निदान एक कडं दिसावं म्हणून. तो पट्टा शोभेचा नाही.

२. मॅग्नेटो : उलट्या डोक्याचा स्विच

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्या घरातला दिव्याचा स्विच ऑफ केला की सर्किट तुटतं आणि दिवा जातो. वायर कुठे तुटली तरी दिवाच जातो. विमानाच्या पिस्टन इंजिनाचा इग्निशन स्विच याच्या बरोबर उलटा चालतो.

या इंजिनात ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. ती मॅग्नेटो तयार करतो. एक चुंबक इंजिनाच्या गिअरने फिरतो, कॉइलच्या प्रायमरीत करंट तयार होतो, नेमक्या क्षणी ब्रेकर पॉइंट उघडतात आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट येऊन प्लगला ठिणगी पडते. ज्यांच्या घरी जुनी लूना होती त्यांना हे पटकन कळेल. लूनाला कुठे बॅटरी लागायची? पेडल मारलं की फट्फट् चालू. विमानात असे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, चार सिलिंडरला आठ. एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहतं.

मग इंजिन बंद कसं करायचं? मॅग्नेटोची प्रायमरी जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या बॉडीला, जोडून टाकायची. म्हणजे पॉइंट उघडले तरी करंट तुटत नाही आणि ठिणगी पडत नाही. ही जोडणी करणारी वायर म्हणजे 'पी-लीड'. ती मॅग्नेटोपासून कॉकपिटमधल्या स्विचपर्यंत येते. आता नीट लक्ष द्या, व्हायव्हाला विचारतील : स्विच ऑन म्हणजे सर्किट उघडं, स्विच ऑफ म्हणजे सर्किट जोडलेलं!

म्हणजेच ही पी-लीड कुठे तुटली, तिचा नट ढिला झाला, किंवा स्विचच्या आतला कॉन्टॅक्ट झिजला, तर किल्ली ऑफवर असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. कॉकपिटमध्ये कुठलाही लाल दिवा लागत नाही. बॅटरी काढून नेली तरी फरक पडत नाही, कारण त्याचा बॅटरीशी संबंधच नाही. याला या धंद्यात 'हॉट मॅग' म्हणतात. स्विच झिजण्याचा प्रकार इतका खरा आहे की १९७६ साली अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने एका प्रसिद्ध कंपनीचे इग्निशन स्विच ठरावीक तासांनी तपासायचा सक्तीचा आदेशच काढला.

कोणी म्हणेल, असं वेड्यासारखं डिझाइन का केलं? वेड्यासारखं नाही, फार विचार करून केलेलं आहे. समजा आपण २००० फुटांवर आहोत आणि कंपनाने एक वायर तुटली. घरच्या स्विचसारखं डिझाइन असतं तर ठिणगी गेली असती. या डिझाइनमध्ये वायर तुटली तर मॅग्नेटो चालूच राहतो आणि आपण सुखरूप उतरतो. फेल-सेफ, फेल-सेफ म्हणून आपण पेपरात चार ओळी लिहितो, पण 'सेफ' कुणासाठी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. इथे तो हवेतल्या माणसासाठी सेफ आहे. जमिनीवर पंख्याजवळ उभ्या असलेल्या माणसासाठी तोच दोष घातक आहे. डिझाइनरने एक बाजू निवडली. दुसरी बाजू माणसाच्या सवयीवर सोडली. या लेखात पुढे जे नियम येतात ते सगळे त्या दुसऱ्या बाजूसाठी आहेत.

आता त्या 'टक्' आवाजाबद्दल. हाताने किंवा स्टार्टरने फिरवताना वेग इतका कमी असतो की नुसत्या मॅग्नेटोतून दमदार ठिणगी पडत नाही. शिवाय या इंजिनात ठिणगी पिस्टन वर पोचायच्या साधारण २५ अंश आधी पडते. इतक्या हळू वेगाला एवढ्या लवकर पडली तर पिस्टन उलटा फेकला जाईल. म्हणून मॅग्नेटोला एक स्प्रिंगची यंत्रणा बसवलेली असते, इम्पल्स कपलिंग. ती चुंबकाला अडवून धरते, स्प्रिंग पिळत जाते आणि मग एकदम सोडते. चुंबक झटक्यात फिरतो आणि जोरदार ठिणगी, तीही उशिरा, योग्य वेळी पडते. स्टार्टिंगसाठी छान सोय! पण अर्थ काय झाला? पंखा तुम्ही कितीही हळू, बोटाने ढकलल्यासारखा सरकवला, तरी तो 'टक्' झाला की ठिणगी पूर्ण ताकदीची. पी-लीड शाबूत असेल तर ती जमिनीत जाते. नसेल आणि एखाद्या सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल-हवेचं मिश्रण उरलेलं असेल, तर एक स्फोट. एकच. काकांच्या गोष्टीतला अर्धा फेरा तो हाच. आमच्या मित्राने ऐकलेला 'टक्' हाही हाच.

म्हणून ही इंजिनं बंद करताना आधी किल्ली फिरवत नाहीत. मिक्स्चरचा लाल दांडा पूर्ण मागे ओढतात, पेट्रोल तुटतं, सिलिंडर रिकामे होतात आणि इंजिन उपासमारीने थांबतं. मग किल्ली ऑफ. तरीही बंद करायच्या आधी, आयडलवर असताना, किल्ली क्षणभर ऑफवर नेऊन बघायची चांगली सवय आहे. इंजिन पडायला लागलं तर पी-लीड ठीक. चालतच राहिलं तर हॉट मॅग आहे, विमानाला टॅग लावा, मेकॅनिकला सांगा.

नव्या छोट्या विमानांत रोटॅक्स ९१२ इंजिन बरंच दिसतं. त्यात जुना मॅग्नेटो नाही, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, पण तेही बंद करायची पद्धत जमिनीला जोडण्याचीच! आणि गंमत म्हणजे या इंजिनाचं तेल तपासण्याआधी पंखा हाताने काही फेरे फिरवावाच लागतो, टाकीतून 'गुडगुड' आवाज येईपर्यंत. म्हणजे 'पंख्याला कधीच हात लावायचा नाही' हा नियम पुरत नाही. नियम असा हवा : हात लावायचाच असेल तर इंजिन चालू होणारच आहे असं धरून उभं राहायचं.

३. स्टार्ट : चावी फिरवण्याआधीची पाच मिनिटं

स्टार्टिंगमधली बहुतेक सुरक्षितता चावी फिरवायच्या आधीच घडते. क्रमाने बघू.

जागा : विमान कुठे तोंड करून उभं आहे? पंख्याच्या मागचा वारा कुठे जाणार? मागे उघडं हँगर, दुसरं विमान, माणसं असतील तर खडी-धूळ सगळी त्यांच्यावर. पंख्याखाली सुटी खडी असेल तर ती पात्यांना लागून पात्यांना खाचे पडतात आणि दगड गोळीसारखे उडतात. चार हात जागा बदलायचा कंटाळा करू नये.

टो-बार : पुढच्या चाकाला लावून विमान ओढायचा दांडा. तो काढायला विसरून इंजिन चालू केलं तर तो थेट पंख्यात. साधा नियम : हातातून सोडला की चाकावरून काढलेला असलाच पाहिजे.

चॉक : चाकांना लावायचे ठोकळे. इलेक्ट्रिक स्टार्टरने चालू करायचं असेल तर ते आधीच काढून विमानात ठेवायचे आणि ब्रेक दाबून धरायचे. नाहीतर नंतर आठवतं आणि चालू पंख्याजवळ वाकून कोणीतरी ठोकळा काढायला जातो. असं कधीही करू नये. विसरलात? इंजिन बंद करा, मग काढा. पाच मिनिटं गेली तर गेली.

प्रवासी : आधी आत बसवा, पट्टे लावा, दारं बंद करा. आणि कोणी उतरायचं म्हटलं तर इंजिन बंद झाल्यावरच, हे आधी सांगा.

दिवा : शेपटावरचा लाल लुकलुकणारा बीकन चालू करायचा. आवाज होण्याआधी डोळ्यांना इशारा. जमिनीवरच्या माणसाने एवढं पाठ करावं : बीकन लागला की पंखा फिरणार.

थ्रॉटल : अगदी थोडा, पाव इंचाच्या आसपास उघडा. जास्त उघडला तर इंजिन चालू होताच एकदम उसळतं आणि ब्रेकवर पाय ढिला असेल तर विमान पुढे धावतं.

आणि मग आरोळी. खिडकी उघडून मोठ्याने "क्लिअर प्रॉप!" ही आरोळी देवळातल्या घंटेसारखी सवयीने मारायची नसते. बरेच जण काय करतात? "क्लिअर" तोंडातून बाहेर पडतं आणि त्याच वेळी हात चावी फिरवतो. पंख्याखाली टायर बघत बसलेल्या माणसाने ऐकायचं कधी, कळायचं कधी, उठायचं कधी? ओरडा, थांबा, डावी-उजवी बघा, उत्तर ऐका, मगच चावी. चावी फिरवताना नजर बाहेर, मान खाली नाही.

बाहेर उभा असलेला माणूस पायलटला दिसेल अशा जागी, बाजूला, पंख्याच्या प्रतलापासून लांब हवा. त्याच्या आणि पायलटच्या खुणा आधी ठरलेल्या हव्यात. 'त्याला कळलं असेल' हे वाक्य या कामात नको. १६ डिसेंबर २०१५ ला मुंबई विमानतळावर मोठ्या जेट विमानाजवळ एक तंत्रज्ञ काम करत होता. तो अजून विमानाजवळच असताना विमान हललं आणि तो इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. तिथे पंखा नव्हता, जेट इंजिन होतं, यंत्र वेगळं, कंपनी मोठी, माणसं अनुभवी. पण आतल्या आणि बाहेरच्या माणसाची एकमेकांशी गाठ सुटली की काय होतं ते सगळीकडे सारखंच.

इंजिन चालू झालं की आरपीएम हजारच्या आसपास आणा आणि ऑइल प्रेशर बघा. साधारण ३० सेकंदांत काटा वर आला नाही तर बंद करा.

४. आग लागली तर : मन सांगतं त्याच्या उलट

कार्ब्युरेटरच्या इंजिनात थंडीच्या सकाळी इंजिन लवकर घेत नाही. मग आपण बाइकचा अ‍ॅक्सिलरेटर पिळतो तसा नवशिका पायलट थ्रॉटल पुढे-मागे पंप करतो. लायकमिंगचा कार्ब्युरेटर इंजिनाच्या खाली असतो आणि पेट्रोल वर फवारतो. इंजिन फिरत नसेल तर ते वर खेचलं जात नाही, खाली एअरबॉक्समध्ये ठिबकतं. त्यात एखादा बॅकफायर झाला की खाली भडका.

अशा वेळी कोणीही स्टार्टर सोडून दार उघडेल. पण सेसना १७२ सारख्या विमानाच्या पुस्तकात पहिली सूचना उलटी आहे : स्टार्टर फिरवत राहा! फिरणारं इंजिन हवा ओढतं, हवेबरोबर ज्वाळा आणि सांडलेलं पेट्रोल आत ओढलं जातं, आणि सिलिंडरमध्ये ते जळणं हे तर त्याचं कामच आहे. इंजिन चालू झालं तर थोडा वेळ १७०० आरपीएमवर चालवा, मग बंद करून तपासा. चालू होत नसेल तर मिक्स्चर पूर्ण बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि तरीही फिरवत राहा. मग पेट्रोलचा कॉक, इग्निशन, मास्टर सगळं बंद करून अग्निशामक घेऊन बाहेर.

बाहेरच्या माणसाने इथे काय करायचं? सिलिंडर घेऊन समोरून धावायचं नाही! पंखा फिरतो आहे. बाजूने, पंखाच्या मागून यायचं आणि पायलटला खूण करायची, कारण खालची आग त्याला आतून कदाचित दिसतही नाही.

५. हाताने पंखा मारणं

जुन्या छोट्या विमानांना स्टार्टरच नसायचा. राइट बंधूंनी १९०३ साली पंखे हाताने ओढूनच इंजिन चालू केलं. आपल्याकडे बंगळूरला बनलेलं, ९० हॉर्सपॉवरचं 'पुष्पक' फ्लाइंग क्लबांमध्ये पुष्कळ वर्षं उडत होतं. त्या पिढीतल्या लोकांना प्रॉप स्विंग करणं म्हणजे स्कूटरला किक मारण्याइतकं सवयीचं होतं. आजही कुठे बॅटरी उतरली की कोणीतरी म्हणतं, "द्या एक हात मारून." हा मोह टाळलेलाच बरा. ज्याला शिकवलेलं नाही त्याने करूच नये.

जे शिकलेले आहेत त्यांची पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे. माणसं दोन लागतात. एक आत, ब्रेकवर, इंजिन जाणणारा. चाकांना चॉक, शेपटी दोरीने बांधलेली. थ्रॉटल जेमतेम उघडा. बाहेरचा विचारतो, "स्विच ऑफ?" आतला बघून तेच म्हणतो, "स्विच ऑफ." मग पंखा जागेवर आणायचा. नंतर "ब्रेक?", "ब्रेक.", "काँटॅक्ट!", "काँटॅक्ट!", आणि मग ओढ. प्रत्येक शब्द परत उच्चारायचा. आणि बाहेरच्याने 'ऑफ' ऐकलं तरी मनात 'ऑन' धरायचं.

उभं राहायची जमीन कोरडी, घट्ट. खडी, तेल, ओलं गवत नको. गळ्यात ओढणी, मफलर, आयकार्डची दोरी नको. पात्याला हाताच्या तळव्याने ढकलायचं, बोटं मागच्या कडेवर अडकवायची नाहीत, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर बोटं सोबत जातात. आणि ओढताना शरीराचा तोल मागे, म्हणजे ओढण्याच्या झोकातच माणूस पंख्यापासून लांब जातो. पुढे झुकून ओढणारा पंख्यात जातो.

आत कोणी नसताना एकट्याने पंखा मारणं हा तर कहर. इंजिन चालू होतं, थ्रॉटल थोडा जास्त उघडा राहिलेला असतो, आणि विमान एकटंच निघतं. मालक मागून पळतो आहे आणि विमान हँगरच्या दिशेने, हे वाचायला विनोदी वाटतं, पण त्यात माणसं गेली आहेत.

६. चालू पंख्याजवळ उतरणं

डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेत टेक्सासला एक तरुणी रात्री छोट्या विमानातून नाताळची रोषणाई बघून आली. पायलटने इंजिन बंद केलं नव्हतं. ती उतरली, पुढच्या बाजूला वळली आणि फिरत्या पंख्याला धडकली. ती वाचली, पण डावा हात आणि डावा डोळा गमावला. निष्काळजी म्हणून तिला नावं ठेवायचं कारण नाही. रात्र, आवाज, न दिसणारा पंखा. कुणाच्याही बाबतीत झालं असतं. इंजिन बंद केलं असतं तर झालं नसतं, एवढंच. म्हणून इंजिन चालू असताना चढ-उतार नाही. आणि उतरल्यावर कायम शेपटीच्या दिशेने लांब जायचं, पुढे कधीच नाही.

७. आणि आपल्या रूममध्ये?

आता हॉस्टेलकडे या. एरोमॉडेलिंगवाले मित्र रागावतील, पण सांगतोच. स्पर्धेच्या आदल्या रात्री एका रूममध्ये काय चाललेलं असतं? पलंगावर मॉडेल, एकाने हाताने धरलंय, दुसरा रिमोट सेट करतोय, आणि मोटरला पंखा लावलेलाच! १० इंची पंखा ८००० आरपीएमला फिरला तर टोकाचा वेग काढा. सेकंदाला १०६ मीटर. म्हणजे मगाशी काढलेल्या सेसनाच्या आयडल वेगापेक्षा थोडा जास्तच. वस्तुमान कमी म्हणून जीव जाणार नाही कदाचित. पण बोटाची नस, डोळा, एवढं पुरेसं आहे. आमच्या विंगमधल्या एकाच्या उजव्या हाताला सात टाके पडले, तेही सबमिशनच्या आठवड्यात. बाकीचं ड्रॉइंग त्याने डाव्या हाताने काढलं.

त्याचं म्हणणं काय होतं माहीत आहे? "रिमोट तर ऑफ होता!" हाच तो उलट्या डोक्याचा स्विच. रिमोट बंद म्हणजे मोटर बंद नव्हे. बॅटरी जोडलेली आहे तोवर मोटर जिवंत आहे, आणि सिग्नल गेल्यावर तिने थांबायचं की पळायचं हे तुम्ही रिसीव्हरचं फेल-सेफ कसं सेट केलंय त्यावर आहे. ते सेट केलंच नसेल तर देव जाणे.

म्हणून आमच्या रूमच्या दारामागे एक कागद चिकटवला आहे. हवा असेल तर उतरवून घ्या :

- सेटिंग, ट्रिम, प्रोग्रॅमिंग करताना पंखा काढलेला. अपवाद नाही.
- आधी रिमोट चालू, थ्रॉटल शून्यावर, मगच बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, मग रिमोट.
- फेल-सेफ शून्य थ्रॉटलवर, आणि तो पंखा काढून तपासलेला.
- मॉडेल हाताने नाही, स्टँडला बांधून.
- पंख्याच्या रेषेत कोणी उभं नाही. सगळे मागे.
- बॅटरी जोडायच्या आधी ओरडायचं, आणि उत्तराची वाट बघायची.

शेवटची ओळ वाचून पोरं आधी हसायची. आता रात्री बाराला आमच्या विंगमधून "क्लिअर प्रॉप!" ऐकू येतं आणि शेजारच्या रूममधून कोणीतरी झोपेत "क्लिअर!" म्हणतं. रेक्टर सरांनी एकदा चौकशीही केली. त्यांना हा लेख वाचायला दिला आहे.

आणि त्या फोटोचं काय झालं, असं कोणी विचारेल. काकांनीच नंतर आमचा ग्रुप फोटो काढला. विमानासमोर नाही, पंखाच्या मागे, शेपटीजवळ उभं करून. फोटो काढून झाल्यावर आमच्या मित्राच्या पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "इथे उभं राहायची सवय लाव."